आठवीच्या वर्गातले डावे हात

त्या मंगळवारी माझे पती कामावर गेले. दुपारी त्यांच्या कंपनीतले लोक मी शिकवत होते त्या कुवेतमधल्या शाळेत आले. प्रिन्सिपॉलनी मला वर्गातून बोलावलं. मी फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं आणि खाली गेले.

तिघे आले होते. एक यांचे वरिष्ठ, एक यांच्याच विभागातला नाशिकचा इंजिनिअर आणि एक कार्यालयातला माणूस. वरिष्ठांनी इंग्रजीत, कार्यालयातल्या माणसाने हिंदीत आणि नाशिककराने मराठीत मला एकच वाक्य सांगितलं: काही कळायच्या आत सगळं संपलं. इंग्रजी शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. तीन मुलांच्या पेपरात एकच वाक्य सापडलं तर मी तिघांनाही उभं करते. त्या खुर्चीत बसल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की या तिघांनी हे वाक्य येताना गाडीत ठरवलंय.

हृदय बंद पडलं, असं मृत्यूच्या दाखल्यावर होतं. दाखला अरबीत होता. मी एका टायपिस्टकडून त्याचं भाषांतर करून घेतलं, मग दुसऱ्याकडे जाऊन पुन्हा करून घेतलं. दोन्हींत तेच निघालं. तरी कितीतरी महिने मला वाटत राहिलं की प्लांटवर काही तरी घडलं असणार आणि ते मला सांगायचं नाही असं ठरलं असणार. आज मला तसं वाटत नाही. अगदीच वाटत नाही असंही म्हणवत नाही.

नाशिकला सगळं उरकून मी आणि मुलगी परत आलो. परत येण्याचं कारण एकच होतं. मुलीची बारावी नुकतीच सुरू झाली होती. बोर्डाच्या परीक्षेसाठी तिचं नाव कुवेतच्या शाळेतून जायचं होतं, आणि वर्षाच्या मध्येच तिला नाशिकच्या कुठल्या कॉलेजने घेतलं नसतं. पण मी शाळेत शिकवत असले, तरी आम्हा दोघींचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, यांच्या नावावर होता. यांच्याबरोबर तोही संपला. सरकारने तात्पुरती मुदत दिली होती. त्या मुदतीत कुणीतरी मला नोकरीच्या इकाम्यावर घेतलं तरच पोरीला मार्चमध्ये परीक्षेला बसता येणार होतं. त्या वर्षी मी जे केलं ते एवढ्यासाठी केलं.

सबाह अल-सालेमचं घर कंपनीचं होतं, ते सोडावं लागलं. आम्ही खैतानला, शाळेच्या मागच्या गल्लीत, एका बकाल्याच्या वरच्या दोन खोल्यांत आलो. बकाला म्हणजे तिथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. त्याच्या फ्रीजचा आवाज आमच्या फरशीतून यायचा.

भेटायला माणसं येत होती. मराठी मंडळातल्या बायका वरणभात घेऊन यायच्या, सोफ्याच्या कडेवर बसायच्या. "खंबीर राहा." "मुलीकडे बघा." "काही लागलं तर सांगा." मला ती गाइडमधली उत्तरं वाटायची. प्रश्न कुठलाही असो, उत्तर तेच. एका बाईंनी मात्र चहा पिता पिता विचारलं, "तुमचं सबाह अल-सालेमचं घर आता कुणाला देणार हो? आमच्या ह्यांचं नाव यादीत आहे." त्या दिवसांत मला खरं वाटलेलं ते एकच वाक्य.

त्या गेल्यावर मी मुलीला तसं म्हटलं. तिने पुस्तकातून डोकं वर काढलं नाही. "आई, यू थिंक द होल वर्ल्ड इज कॉपिंग."

"मराठीत बोल."

"तुला सगळे कॉपी करताना दिसतात," ती म्हणाली. "सगळे."

ती यांच्यासारखी होती, मोजकं बोलणारी. कविता हा प्रकार यांना कधी पटला नाही. मी पेपर तपासत बसले की हे शेजारी येऊन वाचायचे आणि म्हणायचे, "तुमच्या कवितेला दोन-दोन उत्तरं कशी चालतात? आमच्याकडे दोन उत्तरं आली की प्लांट बंद करतात." मी त्यांना समजावायचा प्रयत्न करायची. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी पुन्हा तेच विचारायचे, मला चिडवायला.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्यावर प्रिन्सिपॉलनी मला बोलावलं. भारतातल्या एका विद्यापीठाचा बी.एड. अभ्यासक्रम आमच्या शाळेत सुरू होणार होता. कुवेतमध्ये पदवी घेऊन घरी बसलेल्या भारतीय बायका पुष्कळ होत्या. त्यांना शिक्षिका म्हणून तयार करायचं, शाळेतच त्यांचे सराव पाठ घ्यायचे, आणि वर्षाच्या शेवटी भारतातून बाह्य परीक्षक येऊन वार्षिक पाठ बघणार. इंग्रजी आणि साहित्य कसं शिकवायचं हा भाग मी सांभाळावा, इकाम्याचं शाळा बघेल, असं ते म्हणाले. एवढं सगळं ते इतक्या सहज म्हणाले की मला शंका आली. माझ्याहून चांगल्या शिक्षिका त्यांच्या हाताशी होत्या. प्रिन्सिपॉलना मीच का हवी?

त्याचं उत्तर जिन्यात मिळालं. आमच्या विभागप्रमुख बाई मूळच्या पुण्याच्या, वयाने मोठ्या, मला अगं-तुगं करणाऱ्या. त्यांनी माझ्या कोपराला धरून बाजूला घेतलं. "अगं, एक लक्षात ठेव. पहिल्या वर्षीचा निकाल चांगला लागला पाहिजे. सेंटर टिकलं तर तू टिकलीस. मी आपली आधीच सांगून ठेवते."

"त्यांनी तसं म्हटलं?"

"सगळं म्हणावं लागतं का?"

गुरुवारी शाळा बंद असायची, तेव्हा आमचे वर्ग भरायचे. इंजिनिअरांच्या बायका, हिशेबनिसांच्या बायका, एक-दोन बँकेत काम करून सोडलेल्या. रिकाम्या शाळेत एकाच खोलीचा एसी चालू. मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं की कविता शिकवताना अर्थ सांगून मोकळं व्हायचं नाही. आणि ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला पक्कं माहीत आहे, तो प्रश्न मुलांना विचारायचा नाही. तसा प्रश्न म्हणजे झडती असते. मुलं तुमच्या खिशातलं उत्तर शोधत बसतात, कविता वाचत नाहीत.

त्यांनी ते लिहून घेतलं. मग एकीने हात वर केला. "मॅडम, हे परीक्षेत येईल का?"

हसली ती एकटीच, कोकणातली एक बाई. तिचा नवरा एसीच्या कामावर फोरमन होता. बरीच वर्षं त्याने एकट्याने काढली, मग कुटुंबाचा व्हिसा मिळाला तशी ती रत्नागिरीहून आली. बी.ए. झालेली, आवाज मोठा, मला मॅडम न म्हणता बाई म्हणायची. तिचा पहिला सराव पाठ मी मागच्या बाकावर बसून बघितला. प्रश्न विचारायची आणि मुलांनी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर द्यायची. पाठ संपल्यावर मी म्हटलं, "तुम्ही एकट्याच बोलत होतात."

"काय करू ओ बाई, ती गप्प बसली की मला घाम फुटतो. घरी पण तसंच. नवरा गप्प बसला की त्याचं पण मीच बोलते."

"मुलं गप्प बसली तर बसू द्या. विचार करत असतात."

"आणि नसली करत तर?"



दिवाळीच्या आसपास तिने मला डबे आणायला सुरुवात केली. आंबोळ्या, खोबऱ्याची चटणी, कधी काळ्या वाटाण्याची उसळ. मी पहिला डबा तसाच परत केला. सराव पाठांचे गुण मी देत होते आणि गुण ज्यांना हवे असतात ती माणसं खायला घेऊन येतात, हे मी नाशिकमध्ये बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने तोच डबा पुन्हा टेबलावर ठेवला.

"मला चालणार नाही," मी म्हटलं. "तुमचे पाठ मी तपासते."

"मग माझ्या पोरीच्या नावाने खावा. तिचे कुठं तपासता?" ती म्हणाली. "आणि मार्क कमी द्या पाहिजे तर. आंबोळ्या काय मी मार्कांसाठी भिजत घालते? तुमचं तोंड बघवत नाही म्हणून आणते."

डबा मी घरी नेला. मुलीने सगळं खाल्लं. माझी शंका मात्र गेली नाही, कारण त्याच सुमाराला दुसरंही काही चाललेलं माझ्या लक्षात येत होतं.

मी स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं. एकदा नव्हे, रोज. आमच्या विभागप्रमुख आणि दोन-तीन शिकाऊ बायका एका टेबलाशी वाकलेल्या असायच्या आणि मी दिसले की सरळ बसायच्या. "काय गं, दमलीस?" बाई विचारायच्या. आठवीचा इंग्रजीचा तास माझा होता; त्या तासाच्या आधीच्या तासाला बाई स्वतः आठवीवर जाऊ लागल्या. बदली तास आहे, म्हणायच्या. एवढे बदली तास? मी वर्गात गेले की फळा स्वच्छ पुसलेला असायचा आणि मुलं माझ्याकडे बघून ओठ दाबायची. वार्षिक पाठ आठवीवरच व्हायचे होते.

मी मनात सगळं जुळवलं. बाईंची एक भाची नुकतीच लग्न होऊन कुवेतला आली होती, एम.ए. इंग्रजी. सेंटर टिकवायचं, पण ते चालवायला भाचीला आणायचं, आणि मला माझ्या मुदतीबरोबर जाऊ द्यायचं, असं ठरत असेल. मी ते ठरताना जणू ऐकलं होतं, इतकी माझी खात्री पटली. शाळेचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांत शाळेचे कागद फिरवणारा माणूस, मला जिन्यात भेटला की मी त्याला माझ्या इकाम्याचं विचारायची. तो दरवेळी म्हणायचा, "बुकरा, मिस. बुकरा." बुकरा म्हणजे उद्या. तोही त्यांच्यातलाच, असं मला वाटू लागलं.

घरी मी हे कुणाला सांगणार? मुलगी अभ्यासाला बसलेली असायची. यांना सांगितलं असतं. हे म्हणाले असते, पुरावा काय?

मग पुरावा मिळाला. डिसेंबरात एकदा मी तासाला जरा लवकर आठवीच्या दाराशी पोहोचले. दाराला वरच्या बाजूला काच होती. आत कोकणातली बाई शिकवत होती आणि विभागप्रमुख मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. फळ्यावर ती कविता होती, जी तिने वार्षिक पाठासाठी निवडली होती, आणि जी या वर्गाने अजून वाचलेलीही नसायला हवी होती. तिने प्रश्न विचारला. सगळ्या वर्गाने हात वर केले. निम्मे हात उजवे होते आणि निम्मे डावे.

मागून बाई म्हणाल्या, "हां. आता उजव्यांतला एक."

ज्यांनी बी.एड. केलं आहे त्यांना ही युक्ती सांगायला नको. उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा, येत नसेल त्याने डावा. परीक्षकाला सगळा वर्ग हात वर करून बसलेला दिसतो, आणि शिकवणारी उजवा हात बघून बोट दाखवते. एकही उत्तर चुकत नाही. पाठ आधीच त्याच वर्गावर दोनदा घेऊन झालेला असतो, तरी ज्यांना पाठ झालं नसेल त्यांच्यासाठी ही सोय. नाशिकला माझ्या वेळी आमच्या प्राध्यापकांनीच ती शिकवली होती. सगळ्या महाराष्ट्रात ती चालत होती, आणि आता ती समुद्र ओलांडून खैतानला आली होती.

मी त्या दिवशी आत गेले नाही. तास सुटल्यावर कोकणातल्या बाईला व्हरांड्यात गाठलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

तिने मान वळवून स्टाफरूमकडे बघितलं. "बाई, तुम्ही बघितलंत?"

"बघितलं."

"मग न बघितल्यासारखं करा ना."

"मी एवढे महिने काय शिकवत होते तुम्हाला?"

"ते वेगळं. ते मला पटतं पण," ती म्हणाली. "आता वर्गाला पाठ झालंय सगळं. विसरा म्हणून सांगू काय त्यांना?"

"सगळ्याच जणींचे पाठ असे झालेत?"

तिने पुन्हा स्टाफरूमकडे बघितलं. मग एकदम म्हणाली, "बाई, तुम्ही आम्हाला नापास करू नका आणि स्वतःला पण करू नका. एवढंच." आणि निघून गेली. त्या वाक्यात मला धमकी ऐकू आली. मी घरी जाऊन ते वाक्य उलटून पालटून बघितलं आणि धमकीच ऐकली.

परीक्षक जानेवारीत आले. सोलापूरकडचे निवृत्त प्राध्यापक, उंच, पाठीत थोडे वाकलेले, स्वेटरवर कोट घातलेला. कुवेतला थंडी असते हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, आणि ती नेमकी त्या दिवशी पडलीही होती. पाठ सुरू होण्याआधी प्रिन्सिपॉलच्या खोलीबाहेर त्यांना चहा द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी मराठी आहे कळल्यावर ते जरा सैल झाले.

"बाई, एक विचारू? पाठ ताजे आहेत ना?" त्यांनी कपातली साखर ढवळत विचारलं. "मी तीस वर्षं हेच बघत आलो. मुलं माझ्याआधी कविता म्हणतात. कवी ऐकेल तर रडेल."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते, पण डोळे माझ्यावरच होते. ते माझ्याइतकेच संशयी होते. मला ते लगेच ओळखू आलं. हो म्हटलं असतं तर ते तिथेच थांबले असते. पाठ छान झाले असते, निकाल चांगला लागला असता, इकामा झाला असता. पोरीचा मार्च माझ्या त्या एका होकारावर होता. नाही म्हणायचं तर सगळ्या बायकांना तोंडघशी पाडायचं होतं, आणि त्यांच्याबरोबर मलाही. त्यांनी चहा संपवला.

"सर," मी म्हटलं, "पुस्तकातली कुठलीही कविता द्या."

त्यांनी कप खाली ठेवला. पुढे काही विचारलं नाही. हे मी का म्हटलं ते मला त्या वेळीही नीट सांगता आलं नसतं. त्या दिवसांत मला सगळीकडून ठरवलेली वाक्यं ऐकू येत होती. एक तरी तास मला असा हवा होता की ज्यात पुढे काय होणार ते कुणालाच माहीत नाही.

पहिला पाठ कोकणातल्या बाईचा होता. मी, विभागप्रमुख आणि परीक्षक मागच्या बाकांवर बसलो. तिने फळ्यावर शीर्षक लिहायला खडू उचलला तेव्हा परीक्षक उठून उभे राहिले.

"ही नको. पुस्तकात याच्या पुढे एक छोटी कविता आहे, ती घ्या."

विभागप्रमुखांचा हात माझ्या मनगटावर आला. "अगं, हे काय?" त्या कुजबुजल्या. मी समोर बघत राहिले.

कोकणातल्या बाईने पुस्तक उघडलं. ती कविता अभ्यासक्रमातही नव्हती. आठ ओळींची. एक माणूस आपल्या बागेला पाणी घालतो आहे. पाऊस सुरू होतो. तो पाणी घालतच राहतो. शेजारी खिडकीतून बघतात. कविता तिथे संपते. तिने ती एकदा मोठ्याने वाचली, मग पुन्हा एकदा, आणि तिचा आवाज दुसऱ्या वेळी खाली आला. मग सवयीने तिने पहिला प्रश्न विचारला: हा माणूस पाऊस असताना पाणी का घालतो?

सगळ्या वर्गाने हात वर केले. सगळे डावे.

एकही उजवा नव्हता. मुलांना जे शिकवलं होतं ते त्यांनी मन लावून केलं होतं. चाळीसेक मुलं, ताठ बसलेली, डावे हात उंच धरून बाईंकडे मोठ्या विश्वासाने बघत होती. परीक्षक दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून बसले होते; त्यांचे खांदे हलत होते. विभागप्रमुखांनी डोळे मिटून घेतले. मला एवढंच दिसत होतं, की सगळं गेलं.

कोकणातली बाई त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने पुस्तक टेबलावर उपडं ठेवलं आणि म्हणाली, इंग्रजीतच म्हणाली, की बरं झालं, मलाही माहीत नाही. आता प्रत्येकाने सांगायचं, तुम्हाला यातलं काय कळलं नाही.

वर्ग गप्प झाला. ती बोलली नाही. तिच्या कपाळावर घाम आलेला मला मागच्या बाकावरूनही दिसत होता, पण ती बोलली नाही.

मग एका मुलीने विचारलं, त्याला पाऊस दिसत नाही का? मागच्या रांगेतला एक म्हणाला, टायमर आहे. सगळे हसले, कारण कुवेतमध्ये रस्त्याच्या कडेच्या झाडांना नळीतून पाणी सोडतात, आणि वर्षातून जे चार दिवस पाऊस पडतो त्या दिवशीही ते चालूच असतं. बाईही हसली. टायमर कुठे आहे कवितेत, दाखव, म्हणाली. त्याला दाखवता आलं नाही, पण तो शोधायला लागला. दुसरा म्हणाला, त्याला कुणी सांगितलंच नसेल, शेजारी नुसते बघतात. मग खिडकीशी बसलेली एक मुलगी म्हणाली, त्याला माहीत आहे. पाऊस आला तरी त्याला रोज त्या वेळेला तेच करायचं असतं. नाहीतर त्याने काय करायचं?

बाईने विचारलं, यातलं बरोबर कुठलं?

वर्गात दोन गट पडले आणि तास संपेपर्यंत भांडत राहिले. मी खिडकीशी बसलेल्या मुलीकडे बघत होते. मी तिचे पेपर दोन वर्षं तपासले होते. तिच्या उत्तरात गाइडबाहेरचं वाक्य मी त्याआधी कधी वाचलं नव्हतं.

दुपारी स्टाफरूममध्ये विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं.

"तू सांगितलंस त्यांना."

"कुठलीही कविता द्या, एवढं सांगितलं."

"एवढं! अगं बाई, तुझ्यासाठी करत होतो आम्ही सगळं! तू त्या बायकांना म्हणे, प्रश्न विचारू नका, अर्थ सांगू नका. परीक्षकासमोर ततपप झाली असती त्यांची. निकाल बोंबलला असता तर प्रिन्सिपॉलनी तुला ठेवलं असतं? मी महिनाभर आठवीवर उभी राहिले ती काय माझ्या हौसेसाठी? पोरगी तुझी बारावीला आहे म्हणून!"

"मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर करू दिलं असतंस?"

"तुमच्या भाचीला घेणार होतात ना माझ्या जागी?" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.  "माझी भाची," त्या सावकाश म्हणाल्या, "बाळंतपणाला पुण्याला गेली आहे. तिला इंग्रजी शिकवायचा कंटाळा आहे. सगळ्यांना माहीत आहे हे. तुला कसं माहीत असेल? तू कुणाशी बोलतेस?"

दार उघडून त्या गेल्या. त्या वर्षी त्या माझ्याशी पुन्हा बोलल्या नाहीत.

बाकीचे पाठही परीक्षकांनी तसेच घेतले, प्रत्येकीला तिथल्या तिथे नवी कविता देऊन. काही बायका अडखळल्या, एक रडली. सगळ्या पास झाल्या, त्यातल्या फार थोड्या चांगल्या गुणांनी. जाण्याआधी परीक्षकांनी प्रिन्सिपॉलना सांगितलं की सेंटर चालू ठेवा, आणि ही बाई ठेवा. हे मला प्रिन्सिपॉलनी सांगितलं. ते खरंच तसं म्हणाले का, हे मी कुणाला विचारू शकले नाही. फेब्रुवारीत मंदूबने माझा पासपोर्ट टेबलावर आणून ठेवला. आत शाळेच्या नावाचा शिक्का होता. मी तो खिडकीशी उजेडात नेऊन बघितला, खरा आहे का म्हणून. मंदूब हसला. मार्चमध्ये मुलगी परीक्षेला बसली.

कोकणातल्या बाईला मी नंतर विचारलं, की वर्गाला तसा प्रश्न विचारायचं तुला कसं सुचलं. तोवर मी तिला अगं म्हणायला लागले होते.

"सुचलं कुठं? मी ती कविता जन्मात वाचली नव्हती. खरंच मला माहीत नव्हतं तो का पाणी घालतो ते."

"आणि आता?"

"आता पण नाही," ती म्हणाली. "तुम्हाला आहे माहीत?"

विभागप्रमुखांचं मी पुष्कळदा मनात मांडून बघितलं. त्यांनी ते माझ्यासाठी केलं असेल. सेंटर शाळेचं होतं आणि शाळेत त्यांचं नाव होतं, म्हणूनही केलं असेल. दोन्ही उत्तरं माझ्यासमोर होती. मुलगी पुढच्या शिक्षणाला निघाली तेव्हा त्या विमानतळावर आल्या, तिच्या हातात चिवड्याचं पाकीट दिलं आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. "आता खाणार काय एकटी?" त्यांनी विचारलं. मी ते वाक्य उलटून पालटून बघितलं नाही. जेवायला त्यांच्याकडे गेले.

मी आणखी काही वर्षं तिथेच बायकांना शिकवलं. पुढे प्रत्येक वर्षी परीक्षकांना मीच सांगायची, कविता तुम्ही निवडा. डावे हात पुन्हा कधी दिसले नाहीत. निदान मला दिसले नाहीत.

आता मी नाशिकला राहते. घरात मी एकटीच आहे. मुलगी परदेशात नोकरी करते आणि रविवारी फोन करते. यांच्याबद्दल आम्ही बोलतो, मराठीत. पुण्याच्या विभागप्रमुख बाई गेल्या. कोकणातली बाई अजून कुवेतमध्ये आहे आणि आठवीला इंग्रजी शिकवते.